न्यूट्रलचा दिवा : लागत नाही, विझत नाही, खोटंही बोलतो

पावसाळा सरता सरता येणाऱ्या पत्रांत एक विषय हमखास असतो : मोटरसायकलच्या मीटरवरचा छोटा हिरवा दिवा. या वेळी नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतली अशीच पत्रं एकत्र घेतली आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, पण पुढची सगळी त्याच्याच आधाराने उभी आहेत. ते गाळू नका.

प्रश्न : १०० सीसीची जुनी गाडी आहे, किक आणि सेल्फ दोन्ही. दोन महिन्यांपासून न्यूट्रलचा दिवा लागत नाही. बल्ब बदलला, फरक नाही. एक मेस्त्री म्हणतो स्विच गेला, दुसरा म्हणतो अख्खं वायरिंग बदला. कोणाचं ऐकू? – एक वाचक, सिडको

तूर्त दोघांचंही नको. आधी हा दिवा लागतो कसा ते बघा. चावी ऑन केली की बल्बच्या एका टोकाला बॅटरीचा प्लस येऊन थांबतो. दुसऱ्या टोकाची वायर खाली गिअरबॉक्सवरच्या न्यूट्रल स्विचला जाते. गिअर बदलणारा ड्रम फिरून न्यूट्रलच्या जागी आला की त्याच्यावरचा धातूचा ठिपका स्विचच्या आतल्या टोकाला टेकतो, ती वायर इंजिनच्या बॉडीला जोडली जाते आणि दिवा लागतो. म्हणजे स्विच दिव्याला करंट देत नाही, अर्थ (अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परतायची वाट) देतो. या एका गोष्टीचा विसर पडला की माणूस स्विचवर १२ व्होल्ट शोधत बसतो आणि चांगलं वायरिंग फाडून ठेवतो.

सुरुवात हॉर्नपासून करा. हॉर्न आणि इंडिकेटरही मेले असतील तर फ्यूज किंवा बॅटरी बघा, न्यूट्रलच्या मागे लागू नका. हॉर्न कण्हतो, आणि गाडी चालू करून रेस दिल्यावर हिरवा दिवा उजळतो, असं असेल तर बॅटरी उतरली आहे.

हॉर्न ठणठणीत असेल तर स्विच शोधा. बहुतेक गाड्यांत तो इंजिनच्या डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) आसपास असतो आणि त्याला एकच वायर जाते. स्प्रॉकेटचं कव्हर काढलं की चेनच्या काळ्या चिखलात तो सापडतो. काही गाड्यांत तो मॅग्नेटो कव्हरच्या आत असतो. अशा वेळी कव्हर उघडू नका, वर येणाऱ्या वायरचा कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा जोड) सोडवून तिथेच चाचणी करा. होंडा आणि जुन्या हिरो होंडा गाड्यांत ही वायर फिक्या हिरव्या रंगाची, लाल रेघ असलेली असते. यामाहात ती आकाशी असते. होंडाच्या वायरिंगमधली नुसती हिरवी वायर म्हणजे अर्थ, तिची गल्लत होऊ देऊ नका.

आता खरी चाचणी. इंजिन बंद, चावी ऑन. स्विचवरून वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. रंग दिलेल्या भागाला नाही, एखाद्या बोल्टच्या डोक्याला. स्पार्क होईल, फ्यूज उडेल ही भीती नको. मध्ये बल्ब आहे, आणि १.७ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर जेमतेम ०.१४ अँपिअर घेतो. (गिअरचा आकडा दाखवणाऱ्या गाड्यांना हे लागू नाही. ओझरच्या वाचकांचं उत्तर बघा.)

वायर टेकवल्यावर दिवा लागला, तर बल्ब, प्लस आणि वरची सगळी वायर चांगली आहे. वायरिंग बदला म्हणणारा मेस्त्री इथेच बाद. दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या आत. दिवा लागला नाही, तर स्विचला हात लावायचं कारण नाही, दोष वर आहे.

वर दोष असेल तर बल्ब पुन्हा काढून बघा. नवा बल्बही होल्डरमध्ये नीट बसला नसेल तर लागत नाही. खोबणीत सरकवायच्या काचेच्या बल्बला खाली तारेचे दोन बारीक पाय असतात, ते चेपले की होल्डरच्या पट्टीला टेकत नाहीत. टोकदार पिनेने पाय किंचित बाहेर उचला. बल्ब बदलताना जुन्यावर छापलेले वॅट बघूनच नवा घ्या. जास्त वॅटचा घातला तर प्लॅस्टिकचा होल्डर हळूहळू वितळतो.

बल्ब ठीक असेल तर वायर कुठे तरी तुटली आहे, आणि ती तुटायच्या जागा ठरलेल्या आहेत : हँडल वळताना जिथे हार्नेस (वायरींची जुडी) दुमडतो ती मान, टाकीखालचा भाग, आणि स्प्रॉकेट कव्हरची कड. वायरचं खालचं टोक क्लिपने बॉडीला अडकवून ठेवा, दुसऱ्या माणसाला मीटरकडे बघायला सांगा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. दिवा लुकलुकला की जागा मिळाली. बाहेरून वायर शाबूत दिसते, आत तांबं तुटलेलं असतं. शंका असलेला तुकडा हलकेच ताणून बघा. आतली तार तुटली असेल तर प्लॅस्टिक रबरासारखं लांबतं.

मल्टिमीटर असेल तर एका फसवणुकीपासून सावध राहा. सुट्या वायरच्या टोकावर तो १२ व्होल्ट दाखवेल आणि तरीही दिवा लागणार नाही, असं होतं. मल्टिमीटर स्वतः जवळपास करंटच घेत नाही, त्यामुळे गंजलेल्या कपलरमधूनही त्याला पूर्ण व्होल्टेज दिसतं. बल्बला मात्र करंट लागतो, आणि तो गंजातून येत नाही. व्होल्टेज आहे पण दिवा नाही, म्हणजे कपलर उघडून साफ करायचा.

दोष स्विचकडे निघाला तर गाडी न्यूट्रलमध्ये घालून, मागचं चाक हाताने फिरवून खात्री करा. वायर काढलेलीच ठेवून स्विचचं टर्मिनल आणि इंजिनची बॉडी यांमध्ये ओहम मोजा. न्यूट्रलमध्ये १ ओहमच्या आत यायला हवं, गिअरमध्ये काहीच जोड दिसता कामा नये. न्यूट्रलमध्ये ८०-१०० ओहम दाखवत असेल तर स्विच जळका झाला आहे. पेटलेल्या १.७ वॅटच्या बल्बचा स्वतःचा रोध ८५ ओहमच्या घरात असतो, त्यामुळे तेवढाच अडथळा वाटेत आला की दिवा मिणमिणतो किंवा दिवसा दिसतच नाही.

स्विच बदलण्याआधी त्याच्या मागे ऑइल आहे हे लक्षात घ्या. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते आणि स्विचही डावीकडेच. काढल्याबरोबर ऑइल बाहेर येईल. मेन स्टँडवर घेऊन डाव्या पायाखाली फळी सरकवा म्हणजे गाडी थोडी उजवीकडे कलेल आणि एका माणसाला धरायला सांगा. ऑइल बदलायची वेळ आलीच असेल तर ते आधी काढून घेणं सर्वांत सोयीचं. आट्यांचा स्विच असेल तर नवा वॉशर घाला, पहिल्या चार-पाच आट्या बोटांनीच फिरवा आणि पाना शेवटी हलका लावा. केस अॅल्युमिनियमची आहे, जोर केला की आटे गेले आणि मग न्यूट्रलच्या दिव्यापायी केस वेल्डिंगला. दोन स्क्रूंनी बसणारा प्लॅस्टिकचा स्विच असेल तर तो सावकाश उचला, कारण मागे ड्रमच्या टोकात एक बारीक पिन आणि तिची स्प्रिंग असते. ती खाली पडली आणि कळलं नाही, तर नवा स्विच लावूनही दिवा येणार नाही आणि सगळे पुन्हा वायरिंगला शिव्या देतील. बसवताना पिनेला थोडं ग्रीस लावा, ती जागेवर चिकटून राहते.

नवा स्विच, चांगली पिन, आणि तरीही ओहम येत नसतील तर ड्रमवरचा ठिपका झिजला आहे. त्यासाठी निव्वळ इंजिन उघडू नये, असं आमचं मत. पुढे कधी इंजिनचं काम निघेल तेव्हा बघून घ्या.

प्रश्न : पावसात गाडी फिरली की सगळ्या गिअरमध्ये हिरवा दिवा मंद जळत राहतो. दोन दिवस ऊन मिळालं की आपोआप बरा होतो. मीटरमध्ये सगळे एलईडी बल्ब बसवले आहेत. – एक वाचक, इगतपुरी

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. साध्या बल्बची तार तापायला १०० मिलिअँपिअरहून जास्त करंट लागतो. स्विचच्या तोंडाशी साचलेल्या चिखलपाण्यातून एवढा करंट जात नाही. एलईडीला दोन-तीन मिलिअँपिअर पुरतात, आणि तेवढे ओल्या चिखलातून आरामात जातात. इगतपुरीच्या पावसात स्विचवरची रबरी टोपी फाटलेली असेल तर हे होणारच.

स्प्रॉकेट कव्हर काढून चेनचा जुना मळ रॉकेलने किंवा डिझेलने धुवा. स्विच आणि वायरचं टोक काँटॅक्ट क्लीनरने साफ करून पूर्ण वाळू द्या, मग वायर घट्ट बसवा आणि वरून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा थर द्या. ग्रीस जोडाच्या वर, धातूंच्या मध्ये नाही. टोपी फाटली असेल तर नवी घाला. न्यूट्रलपुरता जुना साधा बल्ब परत बसवला तरी तक्रार थांबेल, पण ओल आत शिरतच राहील.

दिवा मंद नसून लख्ख जळत असेल तर गोष्ट वेगळी. मग पाण्याचा संबंध नाही, धातूला धातू लागला आहे. स्विचवरून वायर काढा. दिवा विझला तर स्विच आतून चिकटला आहे. वायर काढूनही जळत राहिला तर वाटेत वायरचं आवरण घासून तांबं फ्रेमला किंवा इंजिनला टेकतं आहे. पहिला संशय स्प्रॉकेट कव्हरच्या कडेवर. कव्हर बसवताना वायर खाली चिमटली जाते, हे इतकं नेहमीचं आहे की चेन-स्प्रॉकेट नुकतंच बदललं असेल तर दुसरीकडे बघूच नका.

प्रश्न : एलईडी लावल्यापासून न्यूट्रलचा दिवा अजिबात येत नाही. – एक वाचक, देवळाली

बल्ब उलटा करून लावा. एलईडीला प्लस-मायनस असतं, साध्या बल्बला नसतं.

प्रश्न : गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना क्लच दाबला की न्यूट्रलचा दिवा लागतो, क्लच सोडू लागलं की जातो. द्वारकेच्या सिग्नलला दिव्यावर विश्वास ठेवून क्लच सोडला आणि गाडीने पुढे उडी मारली. स्विच नवा टाकला, तरी तेच. – एक वाचक, सातपूर

स्विच चांगलाच होता. तुमच्या गाडीत सेल्फ दोन रस्त्यांनी चालतो : गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर, किंवा क्लच दाबलेला असेल तर. सेल्फच्या रिलेला (सेल्फचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचला) अर्थ मिळायचे हे दोन मार्ग आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो. रिलेचा करंट न्यूट्रल स्विचकडे जाऊ द्यायचा, पण क्लच स्विचचा अर्थ उलट्या दिशेने न्यूट्रलच्या दिव्यापर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. तो शॉर्ट झाला की क्लच दाबताच दिव्याला तिकडून अर्थ मिळतो. स्विच दहा वेळा बदलला तरी हे जाणार नाही.

डायोड बहुधा हार्नेसमध्ये फ्यूजच्या किंवा रिलेच्या जवळ छोट्या चौकोनी डबीसारखा खोचलेला असतो. काढून मल्टिमीटरच्या डायोड खुणेवर मोजा. एका बाजूने ०.५ ते ०.७ यायला हवं, पिना उलट्या केल्या की काही नाही. दोन्ही बाजूंनी शून्याजवळ आलं तर डायोड मेला. दोन्हीकडून काहीच आलं नाही तर तो उघडा पडला आहे, पण त्याची खूण वेगळी : दिवा बरोबर लागतो, मात्र न्यूट्रलमध्येही क्लच दाबल्याशिवाय सेल्फ फिरत नाही.

बदलताना गाडीचाच भाग घ्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा १ अँपिअरचा काळा डायोड बसवून देतात, पण रिलेची कॉइल ४ ओहमची असेल तर तीमधून ३ अँपिअर जातात. तो किती दिवस टिकणार? काम होईपर्यंत सिग्नलला दिव्याकडे बघूच नका. क्लच धरून ठेवा, किंवा गाडी मागेपुढे हलवून न्यूट्रल तपासा.

प्रश्न : डिसेंबर-जानेवारीत सकाळी न्यूट्रल सापडतच नाही. पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. मध्येच दिवा लुकलुकतो आणि जातो. दुपारी सगळं ठीक. – एक वाचक, निफाड

यात दिव्याचा दोष नाही, तो खरं सांगतो आहे : ड्रम न्यूट्रलपाशी येतो आणि थांबत नाही. निफाडची थंडी राज्यात नावाजलेली आहे, पारा एक आकडी होतो. अशा सकाळी घट्ट ऑइलमुळे क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून राहतात. लिव्हर पूर्ण दाबूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडं ओढत राहतं, आणि त्या ओढीखाली गिअर अर्ध्या टप्प्यावर थांबायला तयार होत नाही. न्यूट्रल पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये असलेल्या गाड्यांत हा त्रास जास्त.

चावी फिरवण्याआधी, इंजिन बंद असतानाच, दुसरा गिअर टाकून क्लच दाबा आणि गाडी चार-पाच फूट ढकला. प्लेटा सुटतात. मग न्यूट्रलमध्ये घेऊन चालू करा.

क्लच वायरचा प्ले (मोकळी ढिलाई) लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिलिमीटर असावा. त्याहून सैल असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही, थंडीत तर नाहीच. पूर्ण ताणूनही ठेवू नका, प्लेटा घसरून जळतील. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं घाला. १०डब्ल्यू-३० सांगितलेल्या गाडीत ‘जाड ऑइल बरं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतायची आपल्याकडे सवय आहे, आणि तिची किंमत सकाळी सहाला कळते. इंजिनचा आयडल (रेस न देता फिरायचा वेग) वाढवून ठेवला असेल तर तोही उतरवा, फिरकी जितकी जास्त तितकी ओढ जास्त.

दुपारी, इंजिन गरम असतानाही न्यूट्रल सापडेनासं झालं तर मात्र ड्रमला जागेवर धरणारा स्टॉपर आणि त्याची स्प्रिंग बघावी लागेल. ते गॅरेजचं काम.

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणीच्या दिवसांत बोर्डोचे (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाचे) ड्रम गाडीवरूनच नेतो. न्यूट्रल स्विचचं टर्मिनल वर्षातून दोनदा हिरवं पडून दिवा बंद होतो. – एक वाचक, पिंपळगाव बसवंत

मोरचुदाचं पाणी अॅल्युमिनियमला आणि लोखंडाला खातं, आणि जोडांच्या फटीत वाळून बसलं की दर दवाला पुन्हा ओलं होतं. सांडलं त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने, कमी दाबाने धुवा. फवारणीच्या पंपाची नळी इंजिनवर धरू नका. त्या दाबाने पाणी टोपीच्या आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. टर्मिनल बारीक पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, वायर घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. जेली रबरी टोपीला मात्र लावू नका, रबर फुगतं. आणि ड्रम उजव्या बाजूला बांधता आला तर बघा.

प्रश्न : बीएस-६ गाडी आहे, मीटरवर गिअरचा आकडा येतो. गाडी धुऊन आणल्यापासून न्यूट्रलला कधी ‘एन’ येतं, कधी नुसती रेघ. वायर बॉडीला टेकवून बघू का? – एक वाचक, ओझर

नको. गिअरचा आकडा दाखवणाऱ्या गाड्यांत साध्या स्विचऐवजी गिअर पोझिशन सेन्सर असतो. त्याच्या वायरी ईसीयूला (इंजिनच्या कंप्युटरला) किंवा मीटरला जातात, आणि त्यांतली एखादी ५ व्होल्टची असू शकते. कुठली वायर कशाची हे आकृती हातात असल्याशिवाय कळत नाही, आणि अंदाजाने टेकवलेली वायर ईसीयूला महागात पडते. १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ नियम आल्यापासून, विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत वायरीशी खेळण्याआधी दोनदा थांबावं.

तुम्ही एवढंच करा : चावी बंद, सेन्सरचा कपलर सोडवा, पाणी झटका, पिना वाकल्या नाहीत ना बघा, काँटॅक्ट क्लीनर मारा, अर्धा तास वाळू द्या आणि टक आवाज येईपर्यंत परत बसवा. धुतल्यावर सुरू झालेली तक्रार बऱ्याचदा इथेच मिटते. रेघ राहिली किंवा इंजिनचा पिवळा दिवाही लागला तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर लावा.

प्रश्न : साइड स्टँडवर, न्यूट्रलमध्ये गाडी चालू होत नाही. स्टँड वर केला की होते. न्यूट्रलचा दिवाही महिनाभर बंद आहे. मेस्त्री न्यूट्रलची वायर कायमची बॉडीला जोडून देतो म्हणतो. – एक वाचिका, गंगापूर रोड

जोडू देऊ नका. दोन्ही तक्रारी एकच आहेत. तुमच्या गाडीला स्टँड खाली असताना फक्त न्यूट्रलमध्येच चालायची परवानगी आहे, आणि न्यूट्रलची खबर तिला त्याच स्विचकडून मिळते. खबर पोचत नाही म्हणून ती स्टँडवर नकार देते. पहिल्या उत्तरातली चाचणी क्रमाने केलीत की दोन्ही एकदम सुटतील. फक्त आधी गाडी गिअरचा आकडा दाखवणाऱ्यांपैकी नाही ना, ते बघा.

वायर कायमची अर्थ केली की गाडी स्वतःला सदैव न्यूट्रलमध्ये समजेल. दिवा रात्रंदिवस हिरवा. स्टँड खाली ठेवून निघालात तरी इंजिन बंद पडणार नाही, आणि डाव्या वळणावर स्टँड जमिनीत रुतेल. शिवाय गिअरमध्ये असतानाच, क्लच न दाबता, सेल्फ फिरेल आणि गाडी समोरच्या भिंतीवर जाईल. असा जोड आधीच कोणी करून ठेवला असेल तर तो ओळखणं सोपं आहे : चावी ऑन करून पहिला, दुसरा, तिसरा गिअर टाका. एकाही गिअरमध्ये दिवा जात नसेल तर स्प्रॉकेट कव्हरजवळ टेपने गुंडाळलेली वायर शोधा आणि ती आधी सोडवा.